दहा माळांची अर्धी चिठ्ठी

मी एक जुनी चिठ्ठी आहे. तुमच्या भाषेत नोट. पुरती नोटही नाही, अर्धीच, कारण माझी खालची बाजू जळून गेली आहे आणि तिथली कडा अजून बोटाला काळे लावते. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की त्यांचा गळा दाटून येतो. माझा दाटत नाही. मला राग येतो. इतकी वर्षे झाली, तरी फान मालकाचे नाव निघाले की माझ्या अंगाची लाही लाही होते, आणि आज मी तो राग गिळणार नाही.

माझा जन्म चीनमधल्या चंगदू शहरातला, हजारेक वर्षांपूर्वीचा. कागदी तुतीची साल सोलली, पाण्यात कुजवली, राखेच्या निवळीत उकळली, लाकडी दांड्यांनी कुटली, तेव्हा कुठे तिच्या लगद्यातून मी निघाले. मग कोरलेल्या ठशावर दाबून माझ्या अंगावर काळ्या आणि लाल शाईत चित्र उमटवले. कौलारू घर, दोन झाडे, दाराशी उभी माणसे. त्या घराच्या एका खिडकीला मुद्दाम एक गज कमी ठेवला होता. ती पेढीची गुप्त खूण. पेढीबाहेरच्या कोणाला ती ठाऊक नव्हती.

पण माझा जीव त्या खिडकीत नव्हता, शिक्क्यात होता. पेढीच्या पेई मुनीमाने मला वहीच्या पानाला अगदी चिकटवून ठेवले आणि आम्हा दोघींच्या सांध्यावर मोठा लाल शिक्का मारला. अर्धा शिक्का माझ्या अंगावर, अर्धा वहीत. पुढे कधीही मला परत आणून त्या पानाला लावले की दोन्ही अर्धे एकमेकांना मिळायचे. मिळाले की चिठ्ठी खरी. पैसे किती ते मुनीम स्वतःच्या हाताने, कुंचल्याने लिहायचा. माझ्यावर त्याने लिहिले, दहा माळा.

तुम्ही म्हणाल, कागदाचा पैसा हवाच कशाला? आमच्या मुलखात पैसा लोखंडाचा होता. बाकीच्या प्रांतांना तांबे, आमच्या वाट्याला लोखंड. मधोमध भोक असलेली नाणी दोरीत ओवायची, हजारांची एक माळ, आणि अशा दहा माळा झाल्या की वजन भरे चार मण. मीठ आणायला निघालेल्या माणसाची जाताना पाठ दुखायची, येताना नाही.

पुढे मी जिच्या हाती गेले, त्या सानन्यांगच्या नवऱ्याचा तर या लोखंडाने जीव घेतला. दू कुई हमाल होता. व्यापाऱ्यांच्या माळा पाठीवर बांधून डोंगरापलीकडे पोचवायचा. कड्याला खुंट्या ठोकून फळ्या टाकलेल्या असतात, तीच वाट. एका धुक्याच्या दिवशी त्याचा पाय सरकला. मोकळा असता तर फळी धरून वर आला असता. पाठीवरच्या लोखंडाने त्याला खाली ओढून नेले. मागे राहिल्या दोघी, बायको सानन्यांग आणि आई, जिला गल्लीत सगळे दू आजी म्हणत.

सानन्यांग लोकांच्या मागावर रेशीम विणायची. ठाण मालकिणीचे, नाव मालकिणीचे, सानन्यांगच्या हाती रोजाची नाणी. तिला स्वतःचा माग हवा होता. बाकी काही नको. माग घरात आला की विणलेले ठाण आपले, मोल आपले, आणि उद्या कोणी हाकलेल ही धास्ती नाही. यान नावाचा एक म्हातारा विणकर होता, डोळ्यांनी अधू झालेला. त्याने आपला माग दहा माळांना द्यायचे कबूल केले होते. सानन्यांगने सहा वर्षे पोटाला चिमटा काढून त्या दहा माळा जमवल्या आणि पलंगाखालच्या रांजणांत दडवल्या. पण चार मण लोखंड दोन बायकांच्या घरात म्हणजे चोराला आमंत्रणच.

म्हणून ती फान मालकाच्या पेढीत आली. पेढीचे नाव होते 'अखंड सचोटी'. दारावर, सोनेरी अक्षरांत, एकेक अक्षर ताटाएवढे! शहरातल्या सोळा धनवान घराण्यांना चिठ्ठ्या काढायची परवानगी होती, त्यांतले हे एक. सानन्यांगने शेजाऱ्याची एकचाकी गाडी मागून आणली आणि चार खेपा केल्या. सासू त्या दिवशी देवळात गेली होती. सानन्यांगने मुद्दामच तो दिवस साधला होता, कारण दू आजीला कळले असते तर ती गाडीच्या चाकापुढे आडवी पडली असती.

“मोजून घ्या हो मुनीमजी,” सानन्यांग म्हणाली. “एक नाणं खोटं निघायचं नाही.”

“एवढं एकटीनं ओढलंस?” पेई मुनीम म्हणाला. “बस जरा. आधी चहा घे.”

तेवढ्यात फान मालक आतून आला. गोरा, गोल, हात लोण्यासारखे मऊ. त्याने मला दोन बोटांत धरून उजेडात नाचवले. “वहिनी, हा नुसता कागद समजू नका. ही माझी जीभ आहे. केव्हाही या, ही दाखवा आणि लोखंड उचला. माळेमागे तीस नाणी तेवढी पेढीची, बाकी सगळं तुमचं.”

मी कोरी करकरीत होते. मला ते सारे खरे वाटले. आता आठवले की स्वतःचीच लाज वाटते.

सुरुवातीचे दिवस माझ्या जातीने फार कौतुकात काढले. व्यापारी आम्हाला बाहीत सारून डोंगर ओलांडायचे, हात मोकळे ठेवून फळ्यांवरून चालायचे आणि पलीकडे पोचून आम्हाला कपाळाला लावायचे. चहाचे गठ्ठे, मीठ, रेशीम, सगळे आमच्यावर विकत मिळू लागले. सानन्यांगने मला शिवणाच्या टोपलीत, चिंध्यांच्या खाली ठेवले होते. दिवसातून एकदा झाकण उघडून ती मला बघायची आणि पुन्हा झाकायची. सासूला मात्र तिने काहीच सांगितले नाही. रांजणांत विटा भरून ठेवल्या आणि वर फडके बांधले. ही तिची चूक. पण प्रेमाने केलेली चूक होती ती, आणि तिच्यावर मी रागावलेली नाही.

वसंतात थडगी झाडायचा सण आला. त्यानंतर पाच दिवसांनी रेशीमबाजार भरायचा होता आणि तिथेच यान विणकर माग देणार होता. त्याला चिठ्ठीही चालणार होती. सानन्यांग सकाळीच मालकिणीचे ठाण पोचवायला गेली, तिथून परस्पर ती थडग्याकडे येणार होती. दू आजीने पुढे निघायची तयारी केली. थंड भाताचे गोळे घेतले, तिरफळ घातलेले लोणचे घेतले, आणि मेलेल्यांसाठी जाळायचा कागदी पैसा शोधू लागली. आमच्याकडे ती रीतच आहे. कागदाला नाण्यांसारखी भोके पाडायची आणि थडग्यापुढे जाळायचा, म्हणजे तो तिकडे त्यांना खर्चाला होतो. घरात भोकांचे कपटे सापडेनात. शोधता शोधता आजीने शिवणाची टोपली उघडली आणि तिच्या हाताला मी लागले.

तिला काय वाटले असेल, मित्रांनो? जन्मभर तिने एकच कागदी पैसा पाहिला होता, मेलेल्यांसाठी जाळायचा. तिने मला भाताच्या टोपलीत घातले आणि निघाली.

थडग्यापुढे बसून तिने गवत उपटले, भात ठेवला आणि मला दोन्ही हातांवर धरले. “कुई, बघ रे, तुझ्या बायकोनं यंदा काय आणलंय! दरवर्षीचे भोकांचे कपटे नाहीत. शिक्क्याचा कागद आहे. घर आहे, झाडं आहेत. तिकडचे कारकून उठून सलाम करतील तुला. पाठीवर लोखंड वाहून मेलास बाळा. आता हे हलकं घे.”

आणि तिने मला पेटवले.

आधी दाराशी उभी माणसे गेली, मग झाडे, मग गज कमी असलेली खिडकी. कागदाला ओरडता येत असते तर मी साऱ्या टेकडीला ऐकू जाईल असे ओरडले असते. इतक्यात वाटेवरून सानन्यांग धावत आली. तिने मला ओळखले.

“आई! तो नव्हे! तो नव्हे!” तिने आगीत हात घातला आणि मला उचलून छातीशी दाबून विझवले.

“अगं, पोळशील! लाज नाही वाटत? मेलेल्याच्या ताटातलं काढून घेतेस?”

“आई, हे आपले पैसे आहेत. सगळे. रांजणांत आता नुसत्या विटा आहेत.”

दू आजीने तिथेच गवतात दोन्ही हात टेकले. मग म्हणाली, “चार मण लोखंडाचा एक कागद दिला त्यांनी? आणि तू घेतलास?”

“लोखंडानंच तर नेलं ना ह्यांना,” सानन्यांग म्हणाली. तिच्या तीन बोटांवर फोड आले होते. आजीने ते पाहिले आणि भाताबरोबर आणलेले थंड पाणी तिच्या हातावर ओतले.

माझा वरचा भाग वाचला होता. 'दहा माळा' ही अक्षरे वाचली होती आणि अर्धा शिक्का शाबूत होता. पण अशी जळकी चिठ्ठी बाजारात यान विणकर कशी घेणार? पेढीतून लोखंडच आणायला हवे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी 'अखंड सचोटी'च्या दारात उभ्या राहिल्या. पेढीत गर्दी होती. मिठाचे व्यापारी, चहावाले, दोन-तीन गाडीवान.

पेई मुनीमाने वही काढली, पान शोधले आणि मला त्या पानाला लावले. शिक्का शिक्क्याला मिळाला. केसाएवढाही फरक नव्हता.

“जुळला,” मुनीम म्हणाला. “अक्षरही माझंच आहे.”

तेव्हा फान मालक आतून आला. त्याने मला बघितले आणि नाक मुरडले. “खूण कुठाय? घरच जळून गेलंय यातलं. अर्ध्या कागदावर पूर्ण पैसे? उद्या लोक राख आणतील आणि म्हणतील, मोजा!”

“पण मालक, शिक्का तुमचा आहे,” सानन्यांग म्हणाली. “केव्हाही या म्हणाला होतात.”

“कशी जळाली?”

“चुकून. थडग्यावर.”

“कोणाच्या?”

“माझ्या मुलाच्या,” दू आजी म्हणाली.

फान मालकाचा चेहरा खुलला. “मग झालं तर! अर्धी तिकडे पोचली की हो. आता वसुली मुलाकडूनच करा!”

पेढीतली माणसे हसली. मिठाचे व्यापारी हसले, गाडीवान हसले. त्या माणसाने तिच्या मेलेल्या मुलावर विनोद केला आणि सगळे पोट धरून हसले! मी वहीच्या पानावर पडले होते, खरी, त्याच्याच शिक्क्याची, त्याचीच जीभ. मी जळताना तडफडले नव्हते तेवढी तेव्हा तडफडले.

दू आजी रडली नाही. तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. “मालक, पुन्हा बोला बरं. मला कमी ऐकू येतं.”

विनोद त्याला स्वतःलाच आवडला होता. त्याने तो मोठ्या आवाजात पुन्हा सांगितला.

“म्हणजे अर्धे पैसे माझ्या कुईला पोचले, असं तुमचंच म्हणणं?”

“हो हो आजी, पोचले!”

“बरं झालं. जन्मभर लोकांचं वाहिलं त्यानं, आता पाच माळा स्वतःच्या झाल्या.” आजीने काठी आपटली. “उरलेल्या पाच इथं काढा.”

मग एक मिठाचा व्यापारी मांडीवर थाप मारून ओरडला, “अरे, बरोबर बोलली म्हातारी! मालक, स्वतःच्या तोंडानं कबूल केलंत. काढा पाच माळा!”

“काढा, काढा!” गाडीवानही म्हणू लागले. हसणे तेच होते, पण आता ते फान मालकाच्या अंगावर चालून आले होते.

“देतो हो, पळून जातोय का मी? उद्या या.”

“उद्या कशाला?” आजी म्हणाली. “पैसे झोपलेत का आत?”

“मुनीम, आजींना चहा आणा.”

“चहा नको. लोखंड द्या.”

फान मालकाच्या कपाळावर घाम आला. पाच माळा म्हणजे त्याच्यासारख्याला किरकोळ रक्कम. त्याने त्या तोंडावर फेकून मारल्या असत्या तर सगळे तिथेच मिटले असते. तो फेकेना, आणि व्यापाऱ्यांचे हसणे हळूहळू ओसरले. ते एकमेकांकडे बघू लागले.

पेई मुनीमाने वही मिटली. “मालक, मी सांगू का ह्यांना?”

“तोंड बंद ठेव, पेई.”

“एकवीस वर्षं मी सांध्यावर शिक्का मारतोय,” मुनीम म्हणाला. “पाच माळासुद्धा नाहीत हो आत. नदीकाठची शेतं आहेत, नवं घर आहे, मालकांची सहलीची होडी आहे. लोकांनी ठेवलेलं लोखंड नाही.”

पुढे काय झाले ते साऱ्या शहराने पाहिले. दुपारपर्यंत रस्ता भरला. प्रत्येकाच्या हातात माझी एकेक बहीण, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द, लोखंड. फान मालकाने दारे लावून घेतली. लोकांनी सोनेरी अक्षरांची पाटी उतरवून तुडवली. शेवटी सरकारी शिपाई आले आणि कुलपे ठोकून गेले.

आणि मग लोक आम्हाला शिव्या देऊ लागले! “कागदावर विश्वास ठेवला, चांगली अद्दल घडली,” असे म्हणू लागले. मित्रांनो, ऐकून घ्या. मी खोटी नव्हते. माझ्यावर लिहिलेले प्रत्येक अक्षर खरे होते, शिक्का खरा होता, सानन्यांगचे घामाचे लोखंड खरे होते. मला खोटे पाडले ते चांगल्या कपड्यांतल्या एका माणसाने, आणि बदनामी माझ्या वाट्याला आली.

सरकारने शेते आणि होडी विकून पैसे वाटले. ज्याची चिठ्ठी पूर्ण, त्याला दहातल्या चार माळा परत. फाटक्या, भिजलेल्या आणि जळालेल्या चिठ्ठ्या रद्द. ज्या दोघींमुळे बाकीच्यांना निदान चार तरी मिळाल्या, त्यांच्या हातावर एक नाणे पडले नाही. पेई मुनीमाने वही घेऊन कचेरीत तीन खेटे घातले, शिक्का जुळवून दाखवला. कारकून म्हणाला, “नियम आहे.” मुनीमाची नोकरी तर गेलीच होती, पुढे तो बाजारात लोकांची पत्रे लिहून पोट भरू लागला. फान मालक काही उपाशी मेला नाही. तो भावाच्या वाड्यात राहायला गेला आणि ऐकते ते असे, की तिथे त्याचे वजन वाढले.

यान विणकराचा माग दुसऱ्याच कोणी नेला. गाडीवर चढवताना म्हाताऱ्याने अंदाजाने विचारले, “कोण आहे तिथं? जरा दोरी धरा.” सानन्यांग तिथे उभी होती. तिने दोरी धरली आणि गाठ पक्की बसेपर्यंत धरून ठेवली.

घरी दू आजी अधूनमधून विचारायची, “सूनबाई, पाच तरी त्याला पोचल्या असतील ना गं?”

“पोचल्या, आई,” सानन्यांग म्हणायची.

ती मला फेकून देईल असे वाटले होते. तिने फेकले नाही. पुन्हा शिवणाच्या टोपलीत ठेवले, या खेपेला सगळ्यात वर.

अशाच दुसऱ्याही पेढ्या बुडाल्या. सोळाच्या सोळा घराण्यांची परवानगी गेली आणि सरकारने स्वतःची कचेरी काढून स्वतःच्या चिठ्ठ्या छापल्या. लोक चार दिवस फटकून राहिले. पण डोंगर तोच, फळ्यांची वाट तीच, लोखंडाचे वजन तेच. हळूहळू कचेरीपुढे रांग लागू लागली. चार वर्षांनी सानन्यांगने पुन्हा तीन माळा जमवल्या. ती गाडी घेऊन निघाली. या वेळी सासूला सांगून, सासूला बरोबर घेऊन. आणि कमरेच्या पट्ट्यात मला खोचून.

खिडकीशी तिचा नंबर आला. कारकुनाने माळांकडे हात पसरला.

“आधी तळघर दाखवा,” सानन्यांग म्हणाली.

“काय?”

“लोखंड कुठं ठेवता ते बघायचंय. मग देते.”

“बाई, ही सरकारी कचेरी आहे. सरकारवर विश्वास नाही तुझा?”

सानन्यांगने मला पट्ट्यातून काढले आणि त्याच्या खिडकीत ठेवले. काळी कडा, दहा माळा, अर्धा लाल शिक्का. “फान मालकांवरही होता,” ती म्हणाली.

“जा जा, मागे रांग खोळंबलीय!”

“खोळंबू दे,” मागून कोणीतरी म्हणाले. “आम्हालाही बघायचंय.” मग आणखी एक म्हणाला, मग दहा जण. कारकून लाल झाला, आत गेला, साहेबाला घेऊन आला. साहेब तिच्यावर ओरडला. ती हलली नाही. मी खिडकीत पडून होते आणि साहेबाची नजर सारखी माझ्याकडे जात होती. अखेर त्याने किल्ल्या मागवल्या.

सानन्यांग खाली उतरू लागली तेव्हा दू आजी म्हणाली, “थांब. तू नको. तू कागदाला भुलतेस.” काठी टेकत म्हातारी स्वतः पायऱ्या उतरली. खालून माळांचा खणखणाट ऐकू येत होता. तिने एकेक चळत हलवून पाहिली असावी. बऱ्याच वेळाने ती वर आली, हात गंजाने तांबडे झालेले.

“आहे,” ती म्हणाली. “आता दे.”

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला जपू नका. मला घडी घाला, चुरगळा, हवे तर जाळा, माझे काही म्हणणे नाही. पण कोणाला शब्द लिहून दिलात तर तो पाळा, तो मोडून वर हसू नका. आणि कोणी गोड बोलून तुमच्या हातावर कागद ठेवला, तर तळघर दाखवा म्हणायला लाजू नका. साहेब ओरडेल, कारकून लाल होईल, मागे रांग खोळंबेल. खोळंबू द्या.